कूलरचा गुण आणि चंद्रकांत मणी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता. कूलर तोच, गवताच्या ताट्या त्याच, पंप तोच. मग मेअखेरच्या नवतप्यात गार वारा देणारा कूलर आषाढात नुसता चिकचिक का करतो, त्याचा गुण गेला कुठं? आधी हिशेब सांगते, तत्त्वज्ञान मागून.

एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता उचलतं. पण पाणी किती उडणार, ते हवेच्या कोरडेपणावर. मे महिन्यात तापमान 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असली, तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर सुमारे 23 अंश दाखवतो. कूलरची हवा याच्या खाली जात नाही. चांगल्या ताट्या मधल्या 21 अंशांपैकी तीन-चतुर्थांश कापतात, म्हणजे खोलीत 28च्या आसपासची हवा येते. जुलैत 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता धरा. ओला थर्मामीटर 29वर, कापायला उरले तीन अंश.

घरी बघायचं तर भिंतीवरचे दोन साधे थर्मामीटर घ्या. तापाचा नको, तो 35च्या खाली वाचतच नाही. एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळा आणि दोन्ही दहा मिनिटं पंख्यासमोर टांगा. फरक पाच अंशांहून कमी निघाला तर पंप बंद करून नुसता पंखा चालवलेला बरा. फरक भरपूर, तरी कूलरची हवा कोमट, असं असेल तर मात्र ताट्या तपासा. आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार साचून गवत कडक, पांढरं होतं, मधे कोरडे पट्टे राहतात आणि गरम हवा तिथून थेट आत शिरते. (हात लावण्याआधी प्लग काढायचा, बाबा. स्विच बंद केला म्हणजे झालं, असं नाही.)

या दोन बिघाडांत जो फरक आहे, तोच तुमच्या प्रश्नाचा गाभा. क्षारांनी ताटीचा गुण खरोखर जातो. आषाढात तो जात नाही, अडतो. 100 मिलिलिटर पाण्यात 36 ग्रॅम मीठ आधीच विरघळलेलं असेल तर त्यावर टाकलेलं चमचाभर मीठ तळाशी बसतं, म्हणून त्या चमच्यातलं मीठ काही न विरघळणारं ठरत नाही. म्हणजे 'अमुक केलं की तमुक होतं' एवढ्यावर गुणाची व्याख्या करता येत नाही. तत्त्वज्ञ सी. बी. मार्टिन यांनी 1994 साली याची उलट बाजू दाखवली. तारेत वीज नाही, पण कुणी स्पर्श करताच ती जिवंत करणारं यंत्र तिला जोडलंय. 'शिवली तर वीज वाहील' हे वाक्य खरं, तरी तार आत्ता मेलेलीच.

पाश्चात्त्यांची ही चर्चा गेल्या काही दशकांतली. आपल्याकडे ती कितीतरी आधी रंगली होती, चंद्रकांत मण्यावरून. मणी जवळ असला की अग्नी जाळत नाही, दूर नेला की जाळतो. मीमांसा दर्शनाचे लोक, म्हणजे मीमांसक, म्हणाले, अग्नीत दाहक शक्ती नावाचा वेगळा पदार्थ आहे आणि मणी तिचा नाश करतो. न्याय दर्शनाच्या नैयायिकांना वेगळी शक्ती नको होती. त्यांच्या मते दाहाचं कारण अग्नी आणि मण्याचा अभाव, दोन्ही मिळून. पण उत्तेजक, म्हणजे मण्याचा अडसर निकामी करणारी वस्तू, जवळ आणलं तर मणी असूनही अग्नी जाळतो, मग काय? त्यासाठी त्यांनी 'उत्तेजकाभावविशिष्टमण्यभाव' हा शब्द घडवला, म्हणजे 'उत्तेजक जवळ नसलेल्या मण्याचा अभाव'. हसू येतं, पण तो अचूक आहे.

कूलरपुरतं मी नैयायिकांच्या बाजूची. पाणी, ओली ताटी, वारा आणि दमट हवेचा अभाव, एवढं मांडलं की वेगळी शक्ती कल्पायची गरज उरत नाही. खिडक्या लावून कूलर चालवला तर खोलीतलीच वाफ मणी होऊन बसते. म्हणून समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. आई, तुझा माठही तसाच. त्याचं गार करणं म्हणजे मातीतली छिद्रं आणि त्यातून झिरपणारं पाणी. बाहेरून ऑइलपेंट दिलास की छिद्रं बुजली, गुण गेला.

अडचण पुढे आहे. माठाच्या गुणाखाली छिद्रं सापडतात, छिद्रांखाली कण, कणांखाली रेणू. असं उतरत इलेक्ट्रॉनपाशी आलं की खाली काही दिसत नाही. त्याचा विद्युतभार 1.602 × 10⁻¹⁹ कुलोम, प्रत्येकाचा अगदी तेवढाच, आणि ज्यावर बोट ठेवावं अशी आतली रचना आजवर सापडलेली नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड आर्मस्ट्राँग म्हणत, भार हा स्वतः मुका गुण. तो काय करील हे निसर्गनियम ठरवतात. तसं असेल तर एखाद्या जगात तोच भार वेगळं वागू शकेल. ब्रायन एलिस आणि अलेक्झांडर बर्ड या तत्त्वज्ञांना हे पटत नाही. वागणं काढून घेतलं तर भार म्हणून उरतं काय?

पहिल्या मताची किंमत अशी की गुणाचं खरं रूप कुठल्याच उपकरणाला कधी कळणार नाही, कारण उपकरणाला कळतं ते फक्त वागणं. दुसऱ्या मतात प्रत्येक गुण दुसऱ्याच्या वागण्यावरून सांगायचा, दुसरा तिसऱ्याच्या. सगळी उधारी, रोकड कुणाकडेच नाही. मला ही उधारी परवडते. न ओळखता येणारा गुण मानण्यापेक्षा भार म्हणजेच शक्ती म्हणणं कमी खर्चाचं वाटतं. म्हणजे माठापर्यंत नैयायिक आणि इलेक्ट्रॉनपाशी मीमांसक, अशी माझी वाटणी.

बाबा, वाद घालायचाच असेल तर या वाटणीवर घाला. दोन्ही थर्मामीटरचे आकडे सकाळ-दुपारचे वेगवेगळे लिहून ठेवा, पुढच्या फोनवर बघू.

तुमची,
धाकटी