गिरगावातल्या जुन्या दुकानांना रस्त्यावरचीच जागा द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाकूरद्वार नाक्यावरून गिरगाव चर्चकडे चालत गेलं की एकेक जुनं शटर कायमचं खाली गेलेलं दिसतं, आणि आता आमचे घड्याळवाले काकाही दुकान बंद करून गेले. जिन्याखालची एवढीशी जागा, डोळ्याला भिंग, मागे भिंतीवर लोक दुरुस्तीला टाकून विसरलेली घड्याळं. चावीची एचएमटी नेली की आधी कानाला लावायचे, मगच उघडायचे, आणि नुसती धूळ असली तर पैसे घ्यायचे नाहीत.

लोक लगेच म्हणतात ऑनलाईनमुळे झालं. काही दुकानांचं झालंही असेल, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांच्या कॅसेट-सीडीचं दुकान २०१६ ला बंद झालं, फोर्टातला १९४८ पासूनचा स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ ला, त्यांचं गिऱ्हाईक मोबाईलवर गेलं हे मान्य. पण कढईचा तुटलेला कान मोबाईलवर बसत नाही ना! आमच्याकडची दुकानं जातायत ती जागेपायी. बहुतेक सगळी पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमची भाड्याने घेतलेली, भाडं नाममात्र, त्यात मालकाला डागडुजी परवडत नाही, मग बिल्डिंग धोकादायक ठरते आणि रिडेव्हलपमेंटला जाते. दुकानदाराला सांगतात दोन-तीन वर्षं बाहेर काढा, ती होतात सहा-सात, बिल्डरकडून तेवढ्या काळाच्या भाड्याचा चेक मिळतो पण तुटलेलं गिऱ्हाईक कोण आणून देणार? आणि परत आल्यावर जागा तेवढीच, पण पार्किंगच्या मागे नाहीतर वर पहिल्या मजल्यावर, रस्त्याला लागून बँक नाहीतर शोरूम. वर घड्याळ घेऊन कोण चढणार, त्यातून आमच्याकडचे निम्मे म्हातारे.

मेट्रोचंही तेच. मेट्रो हवीच होती, ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे, मी स्वतः जाते, फार सोय झाली. पण त्याआधी कितीतरी वर्षं दुकानांसमोर कामाचे पत्रे उभे होते, त्या काळात बुडालेल्या धंद्याचं काय, हे कुणी विचारलंच नाही.

पोरांना दुकानात बसायचं नाही हेही खरं आहे, त्याला कुणी काही करू शकत नाही. पण ज्याला बसायचंय त्याला तरी बसू द्या. केशवजी नाईक चाळीतला गणपती १८९३ पासूनचा, गिरगावातल्या अशा सगळ्या उत्सवांची वर्गणी याच दुकानांतून निघत आलीय. शोरूमच्या मॅनेजरकडे पावतीपुस्तक घेऊन जा, तो म्हणतो हेड ऑफिसला मेल करा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जुना दुकानदार तळमजल्यावर रस्त्याला लागून असेल तर नव्या बिल्डिंगमध्येही त्याला तिथेच जागा मिळाली पाहिजे, आणि मधल्या काळात नुसता चेक नको, त्याच वॉर्डात तात्पुरता गाळा द्या म्हणजे गिऱ्हाईक टिकेल. हे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवं. आमच्या रस्त्यावरच्या बऱ्याच बिल्डिंगींच्या मीटिंगा आत्ता चालू आहेत, एकदा सह्या झाल्या की मग कुणी ऐकत नाही.

– एक गिरगावकर, ठाकूरद्वार