ॲलर्जी म्हटलं की परत पाठवू नका, आधी नीट विचारा तरी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती अकरा दिवसांवर आलेत, पुढच्या आठवड्यापासून मुंबईचे चाकरमानी यायला लागतील, घरं भरतील, म्हणून आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना कोविड लसीचा बूस्टर, म्हणजे तिसरा डोस, देऊन घ्यायची घाई चाललीये. 15 जुलै 2022पासून 18 वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रावर हा बूस्टर (सरकारी भाषेत प्रिकॉशन डोस) फुकट आहे, सप्टेंबर 2022अखेरपर्यंत, आणि दुसऱ्या डोसनंतरचं अंतरही नऊ महिन्यांवरून सहा महिने केलंय. हे सगळं चांगलंच आहे. पण ज्यांना कसली ना कसली ॲलर्जी आहे त्यांनी काय करायचं, कुठली लस घ्यायची, हे आमच्या भागात कोणी धड सांगत नाहीये, म्हणून हे पत्र.

माझ्या सासूबाई 71 वर्षांच्या. मागच्या वर्षी कोविशील्डचे दोन्ही डोस झाले, पहिल्याला दोन दिवस ताप आणि अंगदुखी, दुसऱ्याला काहीच नाही. या महिन्यात भर पावसात रिक्षा करून त्यांना एका केंद्रावर नेलं (नाव लिहीत नाही). सिस्टरने विचारलं, "आजी, ॲलर्जी आहे का कसली?" त्या म्हणाल्या, "हो, कोलंबी चालत नाही मला, पित्त उठतं." झालं. "मग नको आजी, रिस्क नको, मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा." आम्ही परत. त्याच रांगेत आमच्या वाडीतली एक बाई होती, तिला चार वर्षांपूर्वी कसल्याशा इंजेक्शननंतर ओठ सुजून श्वास कोंडला होता, सलाईन लावून रात्रभर ठेवलं होतं तिला. सासूबाईंना परत पाठवलेलं बघून ती "ॲलर्जी नाही" म्हणाली आणि डोस घेऊन घरी गेली! तिला काही झालं नाही हे नशीब. पण बघा, जिला विचारपूस करून देता आलं असतं तिला परत पाठवलं आणि जिला थांबवून विचारायला हवं होतं ती खोटं बोलून सुटली.

सिस्टरला मी दोष देत नाही. 2021च्या जानेवारीत केंद्र सरकारने जे पत्र काढलं त्यातच लिहिलं होतं की लस, इंजेक्शन, औषध किंवा खाण्याच्या पदार्थाची ॲलर्जिक रिॲक्शन आलेली असेल तर लस देऊ नका. आणि भीती खोटीही नाही, 8 मार्च 2021ला लस घेतलेले 68 वर्षांचे एक गृहस्थ ॲनाफिलॅक्सिसने, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीच्या रिॲक्शनने, गेले हे सरकारी समितीनेच मान्य केलंय. पण आमच्या किनाऱ्यावर "मासळी खाल्ली आणि अंगावर उठलं" असं न झालेला माणूस शोधून काढावा लागेल हो. हर्णैच्या लिलावातला बांगडा बर्फाशिवाय तासन् तास उन्हात पडला की त्यात हिस्टामिन नावाचं रसायन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, खाल्लं की तोंड लाल, अंगभर गांधी, घरात धावपळ आणि अंगाला आमसुलाचं पाणी. आठ दिवसांनी तोच माणूस ताजा बांगडा खातो आणि काही होत नाही, कारण ती मुळात ॲलर्जीच नव्हती. कोलंबीची ॲलर्जी मात्र खरी असते, पण लसीत कोलंबी नसते ना.

शेवटी दापोलीला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. कशाने झालं, किती मिनिटांत झालं, नुसते गांधी की श्वासही लागला, चक्कर, उलटी, ॲडमिट केलं होतं का, आणि आधीच्या दोन डोसनंतर पहिल्या अर्ध्या तासात काय झालं. तेव्हा कुठे सासूबाईंना आठवलं की पूर्वी एकदा पेनिसिलिनच्या इंजेक्शनने ओठ सुजले होते, हे घरात आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं!

मी विचारलं, मग कुठली देऊ, कारण वाडीत तीन मतं. कोणी म्हणतं कोविशील्ड कडक, कोव्हॅक्सिन घ्या, कोणी म्हणतं 12 ऑगस्ट 2022पासून कॉर्बेव्हॅक्सला परवानगी मिळालीये, आधी दुसरी घेतली असली तरी चालते, ती सौम्य. डॉक्टर म्हणाले कडक-सौम्य असं बघायचं नसतं, लसीत काय काय आहे ते बघायचं. कोविशील्डमध्ये पॉलिसॉर्बेट 80 नावाचा घटक असतो, तोच बऱ्याच औषधांतही असतो, त्याची रिॲक्शन आलेली असेल तर ही लस नको. कोव्हॅक्सिन आणि कॉर्बेव्हॅक्समध्ये ॲल्युमिनियमचं जेल असतं. पेनिसिलिन यातल्या एकातही नाही. आणि ज्या लसीचे दोन डोस अंगाने काही तक्रार न करता घेतलेत तिची तिसऱ्यांदा खात्री जास्त, उगाच नवीन कशाला. दुसऱ्या दिवशीचा ताप म्हणजे ॲलर्जी नव्हे. पण आधीच्या डोसनंतर लगेच गांधी, सूज, दम असं झालं असतं तर तीच लस परत बिलकुल नाही, आधी तज्ज्ञांना दाखवायचं.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती सगळ्यांनी वाचावी म्हणून लिहिते. लोक घरून सेट्रिझिन (ॲलर्जीची गोळी) खाऊन जातात, म्हणजे काही होणार नाही असं वाटतं त्यांना. त्या गोळीने खरी मोठी रिॲक्शन थांबत नाही, उलट सुरुवातीची खूण झाकली जाते आणि कळायला उशीर होतो. रोजची चालू असेल तर बंद करू नका, पण मुद्दाम घेऊ नका. खरं औषध ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीत, ताबडतोब. म्हणून लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर बसायचं, पाऊस थांबलाय म्हणून पळायचं नाही.

आणि आपल्याकडच्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) हे काय नवीन आहे का? फुरसं चावलेला पेशंट आला की घोड्याच्या रक्तापासून केलेली सापाची लस देतात, तिची रिॲक्शन येऊ शकते म्हणून ॲड्रेनालिन भरून शेजारी ठेवतात, अंगावर उठलं तर सलाईन थांबवतात, सावरलं की परत चालू. हे काम कोकणातले डॉक्टर आणि सिस्टर वर्षानुवर्षं रात्री-बेरात्री करतायत. मग कोलंबीचं नाव ऐकून आजीला परत का पाठवायचं?

सासूबाईंना मंगळवारी कोविशील्डच दिली, डॉक्टर हजर असताना, आणि तासभर बाकावर बसवून ठेवलं. दंड दुखला, बाकी काही नाही. केसपेपरवर लाल पेनाने "पेनिसिलिन ॲलर्जी, कोलंबी" असं लिहून दिलंय, तो आता रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत आहे.

आपल्या पेपरमार्फत आरोग्य खात्याला विनंती आहे की फुकट डोस बंद व्हायच्या आत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातली एक सकाळ अशा लोकांसाठी ठेवा, डॉक्टर समोर असू देत, आणि कुठल्या लसीत काय आहे याचा मराठीत छापलेला एक कागद भिंतीवर लावा. आशाताईंना ते चार-पाच प्रश्न लिहून द्या, घरोघरी त्याच जातात. आमच्या वाडीतच असे सात-आठ जण घाबरून घरी बसलेत.

आपली,
एक नियमित वाचक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
20 ऑगस्ट 2022