चित्रीकरणाची खिडकी इथंही उघडा

महोदय,

आमच्या विद्यार्थ्यांना छत्रपती संभाजीनगरच्या भडकल दरवाजापाशी दहा मिनिटांचा लघुपट चित्रित करायचा होता. मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेली ही वास्तू. अर्ज घेऊन पोरं तीन कार्यालयं फिरली. प्रत्येक ठिकाणी ‘हे आमच्याकडं येत नाही’ एवढंच उत्तर. शेवटी एकाच्या गच्चीवर काम उरकलं, दरवाजा राहिलाच. फार वाईट वाटलं.

बीबी का मकबरा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, रस्त्यावरची गर्दी पोलिसांकडे, हे समजतं. पण चित्रीकरणाच्या परवानग्या एकाच ठिकाणी मिळाव्यात म्हणून राज्याची ‘एक खिडकी’ योजना आहे. तिची खिडकी जिल्हाधिकारी कार्यालयातही असावी. विद्यार्थ्यांना शुल्क माफ करावं आणि सात दिवसांत लेखी उत्तर द्यावं, नकार असला तरी.

– एक शिक्षक, छत्रपती संभाजीनगर