हवेची गादी आणली, तरी तिच्याखाली हात घालून पाहा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी शुश्रूषा करणाऱ्या बहुतेकांना ‘शय्याव्रण’ किंवा बोलण्यातला ‘बेडसोअर’ हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो, तोवर जखम झालेली असते. माझ्या घरीही तसेच झाले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आई रुग्णालयातून घरी आली, तेव्हा तिच्यासोबत गोळ्यांची यादी होती, नळीतून अन्न कसे द्यावे याच्या सूचना होत्या, पुढच्या तपासणीची तारीख होती. ती कोणत्या गादीवर झोपणार आहे हे मात्र कोणी विचारले नाही आणि आम्हालाही ते विचारण्यासारखे वाटले नाही. अकराव्या दिवशी अंग पुसताना माकडहाडावर जांभळट डाग दिसला. धावपळ करून हवेची गादी आणली, पंप सुरू केला आणि आता काळजी मिटली असे समजून आम्ही निर्धास्त झालो. तो निर्धास्तपणाच आम्हाला महागात पडला. त्या डागाची जखम झाली आणि ती भरून यायला सात महिने लागले. पुढच्या साडेचार वर्षांच्या शुश्रूषेत जे शिकावे लागले, त्यातला गादीपुरता भाग आपल्या वाचकांच्या कामी यावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही जखम कशी होते हे समजले, तरच गादीकडून काय अपेक्षित आहे ते कळते. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलत असतो, कारण एका जागी दाब पडून राहिला की शरीर आतूनच अस्वस्थ होते. ज्याला ती अस्वस्थता जाणवत नाही किंवा जाणवूनही हलता येत नाही, त्याच्या हाडाच्या उंचवट्यावरील मांस आणि त्वचा, हाड व गादी यांच्यामध्ये तासन्‌तास दबून राहतात. केशवाहिन्यांमधील रक्ताचा दाब ढोबळमानाने 30 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपासच असतो आणि माकडहाड, टाच किंवा खुबा यांच्याखाली पडणारा भार त्याच्या कितीतरी पट असू शकतो. त्यामुळे तेवढ्या भागातला रक्तपुरवठा थांबतो. नुकसान पुष्कळदा हाडालगत खोलवर सुरू होते आणि वर दिसते ते नंतर, म्हणून डाग लहान दिसला तरी त्याला लहान समजू नये. त्यात डोक्याकडची बाजू उंच केली की माणूस पायांकडे घसरतो. कातडी चादरीला धरून राहते आणि आतले हाड खाली सरकते. या ओढाताणीत आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या आणि पिळल्या जातात. घाम आणि लघवीच्या ओलीने त्वचा मऊ पडलेली असेल, तर ती आणखी लवकर सोलवटते.

म्हणजे चांगल्या गादीचे काम दोनपैकी एका रीतीने होते. एक तर शरीर तिच्यात योग्य तेवढे रुतावे आणि भार अधिकाधिक जागेवर वाटला जावा, हे उत्तम प्रतीच्या फोमचे काम. किंवा भार पडण्याची जागाच काही मिनिटांनी बदलत राहावी, हे आळीपाळीने फुगणाऱ्या आणि मिटणाऱ्या हवेच्या गादीचे काम. कडक अंथरूण पाठीला चांगले, हा समज कंबरदुखीच्या संदर्भात कोणी बाळगला तर तो वेगळा विषय आहे. न हलणाऱ्या माणसाला कडक अंथरुणावर ठेवणे धोक्याचे आहे.

‘हवेची गादी’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात, हे मला फार उशिरा कळले. एक असते छोट्या फुग्यांची, पातळ चटईसारखी, नेहमीच्या गादीवर अंथरायची. दुसरीत पलंगाच्या रुंदीइतक्या लांब आडव्या नळ्या असतात आणि एकाआड एक नळ्या आळीपाळीने भरतात व रिकाम्या होतात. युरोपातील आणि अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी 2009 मध्ये संयुक्तपणे काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, 10 सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या लहान कप्प्यांची गादी वापरू नये असे स्पष्ट म्हटले होते. कारण सरळ आहे : शेजारचे फुगे इतके उंच फुगूच शकत नाहीत की मिटलेल्या फुग्यावरचे शरीर अधांतरी राहावे. आम्ही घाईत आणली होती ती नेमकी फुग्यांची. पंपाचा आवाज येत होता, फुगे वरखाली होताना दिसत होते आणि आईचे माकडहाड मात्र सगळा वेळ खालच्या गादीला टेकलेले होते.

ते टेकले आहे हे आम्हाला घरी जखमेची पट्टी बदलायला येणाऱ्या परिचारिकेने दाखवले आणि या पत्रातले एवढेच कोणी लक्षात ठेवले तरी मला पुरे आहे. गादी फुगलेली आणि रुग्ण तिच्यावर झोपलेला असताना, तळहात वर करून हवेच्या गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खालच्या जागी सरकवायचा. आपला हात आणि शरीर यांच्यामध्ये साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे इंचभर आधार उरलेला जाणवला पाहिजे. हाड थेट हाताला लागले, तर ती गादी त्या माणसासाठी निरुपयोगी आहे किंवा तिच्यात हवा कमी आहे. हीच चाचणी डोक्याकडची बाजू उंच करूनही घ्यावी, कारण त्या स्थितीत बहुतेक भार कमरेखाली एकवटतो. आम्ही पुढे दर रविवारी ही चाचणी घेत असू आणि दोनदा गळणारी नळी त्यामुळेच सापडली.

हवा कमी असणे जसे वाईट, तसेच जास्त असणेही. पंपावरचे बटण बहुधा रुग्णाच्या वजनानुसार फिरवायचे असते. गादी घट्ट दिसावी म्हणून ते शेवटपर्यंत फिरवले, तर शरीर तिच्यात रुतत नाही आणि फळीवर झोपवल्यासारखेच होते. विकत घ्या किंवा भाड्याने आणा, नळ्यांची उंची, गादीला किती वजनापर्यंत चालते आणि वीज गेल्यावर तिच्यात किती वेळ हवा टिकते, या तीन गोष्टींची उत्तरे मिळाल्याशिवाय ती घरी आणू नये. वीज गेल्यावर रुग्ण थेट लाकडावर किंवा पत्र्यावर येऊ नये म्हणून तिच्याखाली फोमची गादी असावी. मात्र अशा दोन गाद्यांमुळे उंची वाढून पलंगाचा कठडा तोकडा पडतो आणि रुग्ण खाली पडण्याचा धोका निर्माण होतो, हेही पाहून घ्यावे.

पंपाची गादी म्हणजे श्रेष्ठ आणि फोमची म्हणजे नाइलाजाची, असेही समजू नये. ब्रिटनमधील रुग्णालयांत 2000 हून अधिक रुग्णांवर या दोन्हींची तुलना करण्यात आली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, नव्या जखमा टाळण्याच्या बाबतीत आळीपाळीने फुगणारी गादी आणि उत्तम प्रतीचा फोम यांच्यात ठोस म्हणावा असा फरक आढळला नाही. साध्या गादीपेक्षा मात्र असा फोम चांगला, हे पूर्वीच्या अभ्यासांतून दिसलेले आहे. उत्तम प्रतीचा म्हणजे किमान 15 सेंटिमीटर जाड आणि घनमीटरला किमान 35 किलो घनतेचा, असा ढोबळ निकष धरला जातो. म्हणून ज्याला थोडेफार हलता येते, आधार दिल्यावर कूस बदलता येते आणि ज्याच्या त्वचेवर अजून डाग नाही, त्याला मी तरी आधी चांगला फोमच सुचवीन. त्याला विजेची गरज नाही, आवाज नाही, आणि मऊ हवेवर हात रेटून उठायला जो त्रास होतो तोही होत नाही. उरलीसुरली हालचाल जपणे हे कोणत्याही गादीहून मोलाचे आहे. जो मुळीच हलू शकत नाही, ज्याला वेदनेमुळे पुरेसे वळवता येत नाही किंवा ज्याला जखम झालीच आहे, त्याच्यासाठी मोठ्या नळ्यांची गादी डॉक्टरांना विचारून आणावी. फोम कालांतराने बसतो. रिकाम्या गादीत मध्यभागी खड्डा राहत असेल, तर ती बदलायची वेळ झालेली असते.

गादी योग्य निवडली तरी तिच्यावर आपण काय घालतो याने तिचे काम बिघडते. रेक्झिन, त्यावर मेणकापड, त्यावर दुपट्टा, त्यावर ताणून खोचलेली चादर आणि पुन्हा डायपर, असे पाच थर आम्ही आईखाली स्वच्छतेच्या काळजीपोटी घातले होते. ताणलेले जाड कापड झोळीसारखे वागते, शरीराला गादीत रुतू देत नाही, आणि प्लॅस्टिकमध्ये उष्णता व घाम कोंडतो. गादीचे आवरण ताणले जाणारे, पाणी आत न घेणारे पण वाफ बाहेर जाऊ देणारे असावे. त्यावर एकच सैल सुती चादर, सुरकुती नसलेली, पुरेशी होते.

टाचेच्या बाबतीत मात्र कोणत्याही गादीवर विसंबू नये. तेवढ्याशा हाडावर पुरेसा भार वाटला जाईल अशी गादी मिळणे कठीण. पोटऱ्यांखाली लांब उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवणे हाच खरा उपाय, आणि त्यात गुडघा किंचित वाकलेला असावा. माकडहाडाखाली गोल कडे ठेवण्याची पद्धत अजून दिसते. त्या कड्याच्या काठाने उलट भोवतालचा रक्तपुरवठा अडतो. लाल झालेल्या जागी चोळून मालीश करणेही हानिकारक आहे.

गादी आणल्यावर कूस बदलणे थांबवायचे नाही, हे सर्वजण सांगतात, आणि ते खरेच आहे. दर दोन तासांनी, हा नियम मात्र सगळ्यांना सारखाच लागू होतो असे नाही. अमेरिका आणि कॅनडातील शुश्रूषागृहांमध्ये, दाट फोमच्या गादीवरील धोक्यातल्या वृद्धांना दोन, तीन किंवा चार तासांनी वळवून पाहिले असता जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. रात्रीतून सहा वेळा उठणाऱ्या एकट्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. आपल्या रुग्णासाठी अंतर किती ठेवायचे हे त्याच्या त्वचेवरून ठरवावे : वळवल्यानंतर लाल जागेवर बोट दाबून सोडले असता ती क्षणभर पांढुरकी झाली तर ठीक, तशीच लाल राहिली तर अंतर कमी करायला हवे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून तिथे हाताने ऊब, कडकपणा किंवा आजूबाजूपेक्षा वेगळा मऊपणा जाणवतो का ते पाहावे. कुशीवर पूर्ण नव्वद अंशांत झोपवले की खुबा दाबला जातो; पाठीमागे उशी देऊन तीसएक अंशांचा कल पुरे होतो. डोक्याची बाजूही, जेवणाची वेळ आणि डॉक्टरांनी सांगितलेले कारण सोडल्यास, तीस अंशांहून अधिक उंच ठेवू नये.

माझी विनंती रुग्णालयांना आहे. शय्याव्रणाचा धोका मोजण्यासाठी ब्रेडन मोजपट्टी 1987 पासून उपलब्ध आहे. जाणीव, ओल, वावर, हालचाल, पोषण आणि घर्षण या सहा गोष्टींना गुण देऊन ती काही मिनिटांत भरता येते. 18 किंवा त्याहून कमी गुण आले की माणूस धोक्यात आहे असे धरले जाते. अंथरुणावर राहणार हे निश्चित असलेल्या रुग्णाला घरी पाठवताना हे गुण आणि त्याला कोणत्या प्रकारची गादी लागेल, हे कागदावर गोळ्यांच्या यादीसोबत लिहून द्यावे, आणि नातेवाइकाला त्याच पलंगाशी उभे करून गादीखाली हात घालण्याची चाचणी एकदा करून दाखवावी. रुग्ण घरी पोहोचेल त्या दिवशी त्याची गादी पलंगावर अंथरलेली असायला हवी.

आपली नम्र,
एक वाचक