वादळ कोणी केलं, ते तरी नीट लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’ (म्हणजे वादळ) या नाटकावरचा लेख दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि एकदा चहा निवल्यावर, कारण वाचण्यात माझंच काही चुकलं असेल असं वाटलं. चुकलं नव्हतं. भावाने राज्य बळकावल्यावर बेटावर येऊन राहिलेला आणि शत्रूंचं जहाज वादळात सापडवणारा जादूगार म्हणजे प्रॉस्पेरो; लेखकमहाशयांनी त्याला निसर्गावर हुकमत चालवणारा, शेवटी सगळ्यांना उदार मनाने क्षमा करणारा ऋषी करून टाकलं आहे. आणि त्याच्यासाठी राबणारा हवेतला आत्मा, एरिअल? अर्ध्या वाक्यात ‘त्याचा आज्ञाधारक सेवक’. संपलं.

लेखकांचा व्यासंग मोठा असणार, त्याबद्दल आदरच आहे. पण कधीतरी नाटकाची संहिता पुढ्यात घेऊन कामाचा हिशेब मांडून बघा म्हणावं. वादळातल्या त्या जहाजाच्या नाळेवर, डेकवर, खोल्याखोल्यांतून आग होऊन कोण नाचलं? एरिअल. उतारूंच्या केसालाही धक्का न लावता त्यांना बेटावर गटागटाने कोणी पांगवलं? झोपलेल्या राजावर तलवारी उपसल्या गेल्या तेव्हा म्हाताऱ्या मंत्र्याच्या, गोंझालोच्या कानात गाऊन त्याला जागं कोणी केलं? प्रॉस्पेरोच्या जिवावर उठलेल्या दारुड्यांना काट्याकुट्यांतून फिरवून घाणेरड्या डबक्यात हनुवटीपर्यंत उभं कोणी केलं, आणि हार्पी (बाईच्या तोंडाची, पंखांची राक्षसी) होऊन पंखांच्या एका फटक्यात मांडलेली मेजवानी कोणी नाहीशी केली? प्रॉस्पेरोच्या स्वतःच्या खात्यावर काय, तर मुलीला झोपवणं आणि राजपुत्र फर्डिनंडचा तलवारीचा हात जागीच खिळवणं. बाकी झगा, काठी आणि हुकूम.

बरं, या कामाचा मोबदला? एरिअल पहिल्याच अंकात आठवण करून देतो की तुम्ही एक वर्षाची सूट कबूल केली होती. त्यावर ऋषिवर्य काय करतात? उपकार काढतात. सायकोरॅक्स चेटकिणीने तुला चिरलेल्या पाइनच्या झाडात बारा वर्षं कोंडलं होतं, तिथून कोणी काढलं? शिवाय स्वतःच म्हणतात की हे तुला महिन्यातून एकदा सांगावं लागतं! परत कुरकुर केलीस तर ओकच्या गाभ्यात आणखी बारा हिवाळे ठोकून ठेवीन. एरिअल मुकाट्याने माफी मागतो. मग मोठ्या मनाने म्हणतात, दोन दिवसांनी सोडतो. हे सगळं लेखात कुठे आहे?

मला एवढं लागायचं कारण सांगतो. १९८१ साली आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हे नाटक झालं. भाषांतर एका सरांचं, दिग्दर्शन त्यांचंच, आणि प्रॉस्पेरोही तेच (दुसरं कोण असणार?). मी विंगेत, गडगडाटाच्या आवाजासाठी पत्रा हलवायला. सहा फुटी पत्रा दोरीने टांगलेला, कडा कापणाऱ्या, हातमोजे मागितले तर ‘कलेसाठी एवढं सोसायचं’ असं उत्तर. हे नाटक सुरू होतं तेच गडगडाटाने, कोणाच्याही तोंडून शब्द निघायच्या आधी. शेक्सपिअरच्या काळी लंडनला लोखंडी गोळा गडगडवत आणि ढोल बडवत, आमच्याकडे मी होतो. म्हणजे नाटकाची पहिली एंट्री माझी, असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो.

सरांची सूचना होती, माझी काठी वर गेली की वादळ बंद. प्रयोगाच्या दिवशी सर आले आणि काठी त्यांच्याच झग्याच्या अस्तरात अडकली. ते ओढतायत, काठी निघत नाही. मी हुकमाचा ताबेदार, पत्रा हलवतोय. प्रॉस्पेरोची मुलगी मिरांडा बिचारी ओरडून सांगतेय की बाबा, हे वादळ तुम्हीच उठवलं असेल तर आता शांत करा, आणि पत्र्यापुढे तिचं अक्षर कोणाला ऐकू येत नाही. शेवटी दिव्यांवरच्या मुलाने येऊन माझे हात धरले. हाताला रक्त होतं. मध्यंतरात सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘एवढी साधी अक्कल नाही?’

प्रयोग मात्र रंगला. शेवटच्या भाषणात सरांनी हात जोडून, टाळ्या वाजवून मला मुक्त करा म्हटलं, आणि आम्हीही विंगेतून टाळ्या वाजवल्या. नंतर आभारात प्राचार्य आले, मांडववाला आला, चहावाला आला. विंगेतलं कोणी नाही. प्रमाणपत्र ‘पुढच्या महिन्यात’ मिळणार होतं. मी दर महिन्याला जायचो, आणि हजेरी कमी असताना तुला नाटकात कोणी घेतलं, हे दर महिन्याला ऐकून परत यायचो. प्रमाणपत्र अजून यायचं आहे. पुढे कधीतरी मूळ नाटक शांतपणे वाचताना ती ‘महिन्यातून एकदा’ची ओळ आली, तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

क्षमेबद्दलही थोडं. प्रॉस्पेरो राज्य बळकावणाऱ्या भावाला, अँटोनिओला क्षमा करतो, पण याला भाऊ म्हटलं तरी तोंड विटाळेल असं म्हणून. त्याआधी त्याला आणि राजाच्या भावाला, सेबॅस्टियनला (झोपलेल्या राजावर तलवारी याच दोघांनी उपसल्या होत्या) हळूच बजावतो की तुमचा राजद्रोह मी आत्ता उघड करू शकतो, पण तूर्त बोलत नाही. तूर्त! क्षमा केली आणि कागद खिशात ठेवला. अँटोनिओ आभाराचा एक शब्द बोलत नाही. नंतर तोंड उघडतो ते कॅलिबन, म्हणजे प्रॉस्पेरोने गुलाम केलेला बेटावरचा रहिवासी, हा बाजारात विकण्याजोगा मासा आहे, एवढं सांगायला. आणि कॅलिबनला लेखात नुसतं ‘राक्षसी’ म्हटलंय. अहो, त्या बेटावर खरी गोम त्यालाच कळली आहे. आधी या प्रॉस्पेरोची पुस्तकं ताब्यात घ्या, तो त्या दारुड्यांना सांगतो, त्यांच्याशिवाय हा माझ्यासारखाच मठ्ठ आहे, आणि ही सगळी भुतं माझ्याइतकाच त्याचा द्वेष करतात.

जाता जाता. लेखासोबत कढईभोवती बसलेल्या तीन चेटकिणींचं चित्र छापलं आहे. त्या ‘मॅकबेथ’मधल्या. जादू म्हटल्यावर हाताला लागेल ते चित्र लावायचं का? आणि हे नाटक मराठी वाचकाला जणू प्रथमच दाखवत असल्याचा लेखाचा सूर आहे, तर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याचं मराठी भाषांतर १८७५ सालीच केलं होतं.

माझं मागचं पत्र आपण जागेअभावी निम्मं करून छापलंत. हेही कापावं लागलं तर क्षमेचा परिच्छेद खुशाल कापा. पत्र्याचा ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, मिरज