तीन मिलिमीटरचा प्रश्न

प्रिय सुनंदा,

हे फोनवरही सांगता आले असते, पण तू मध्येच संतापली असतीस आणि बोलणे अर्धेच राहिले असते, म्हणून लिहिते. आम्ही सारे ठीक आहोत. माझा रक्तदाब गोळीवर शांत आहे.

मंगळवारी एका खाजगी रुग्णालयातून आमच्या पॅथॉलॉजी विभागात गर्भाशय आले: सलाइन घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेले, तेही ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. अर्जावर एवढेच होते, 'वय 38, अंगावरून पांढरे जाणे, पिशवी काढली.' आधी पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, नाही; बायोप्सी नाही. गर्भाशय उभे उघडून दहापट फॉर्मॅलिनमध्ये ठेवले नाही, तर आतले अस्तर हाती लागत नाही, हे तुला काय सांगायचे! ग्रॉसिंग करताना, म्हणजे नमुना नुसत्या डोळ्यांनी पाहून कापताना, गर्भाशयमुखाचा मागचा ओठ बोटाला खरखरीत आणि कडक लागला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. म्हणून ते अख्खे घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे कापून कॅसेटमध्ये घातले.

एंडोमेट्रियम, तेच आतले अस्तर, पार विरघळून गेले आहे. ग्रंथींच्या नुसत्या सावल्या उरल्या आहेत. तिथे क्षय असता किंवा हायपरप्लेशिया, म्हणजे अस्तराची अतिवाढ, असता, तरी मला सांगता आले नसते. गर्भाशयमुखात मात्र सीआयएन 3, म्हणजे कर्करोगाच्या अलीकडची पायरी, आहे, आणि सहाच्या आकड्यापाशी वरच्या थराखालचा पडदा, बेसमेंट मेंब्रेन, ओलांडून खालच्या स्ट्रोमात शिरलेली स्क्वॅमस कार्सिनोमाची, म्हणजे खऱ्या कर्करोगाची, बेटे आहेत. माझी झोप उडाली आहे ती त्यांच्या खोलीमुळे. खोली 3 मिलिमीटरच्या आत असेल आणि रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या मोकळ्या असतील, तर झालेले ऑपरेशन पुरेसे ठरते; त्यापुढे गेली, तर साधी पिशवी काढून भागत नाही, लसिकाग्रंथींचा प्रश्न उभा राहतो आणि कदाचित किरणोपचारही करावे लागतात. नेमके तिथलेच एपिथेलियम, म्हणजे वरचा थर, सुटून आले आहे आणि सेक्शन तिरके पडले आहे. वरच्या कटमध्ये खोली 3च्या आत भरते, खालच्या डीपरमध्ये, म्हणजे त्याच ब्लॉकच्या आणखी आतल्या कटमध्ये, 3च्या पुढे जाते. पण मोजायचे कुठून, हेच ठरत नाही. पी16 हे प्रथिन जोरात रंगले. ते या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूचा हात दाखवते, खोली दाखवत नाही.

मी सर्जनला फोन केला. हो, केलाच! आपले काम स्लाइडवर दिसेल ते लिहिण्याचे, फोन करणे म्हणजे भांडण विकत घेणे, असे तू म्हणायचीस, आणि त्या वादापायी मेसमध्ये आपले बोलणे बंद झाले, तेव्हा शैलाच 'हिला विचार, मीठ हवे का' करत दोघींमध्ये निरोप पोचवत होती. फोन करायलाच हवा, हे माझे मत आजही तेच आहे. पलीकडून उत्तर आले, "काढलीच आहे ना पिशवी, आता काय?" सुनंदा, बायोप्सीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आधी आला असता, तर कोणते ऑपरेशन करायचे हे तिच्या पोटाला हात लावण्यापूर्वीच ठरले असते.

आणि हे कुठे घडते आहे? बार्शीला 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे. शेजारच्या उस्मानाबादेतल्या, आताच्या धाराशिवमधल्या, बायकांच्या आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे 2009 साली जगापुढे आले. त्याच पट्ट्यात, बीडला, ऊसतोड बायकांच्या काढलेल्या गर्भाशयांवरून 2019 साली विधिमंडळात गदारोळ झाला. त्यांतल्या किती पिशव्या कुणा पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर पोचल्या असतील, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

तुझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू झाला का? मुक्ताला प्रवेश मिळाल्याचे कळले, तिला माझे आशीर्वाद सांग.

स्लाइड आणि ब्लॉक कुरिअरने पाठवते आहे. सहा क्रमांकाचा तिसरा डीपर आधी पाहा आणि माझा आकडा न विचारता तुझा कळव. गरज वाटली तर ब्लॉक फिरवून पुन्हा बसव आणि नवे कट घे. सामग्री पुरेशी आहे. अहवाल मी तोवर थांबवला आहे, पण तिच्या नवऱ्याला शनिवारी बोलावले आहे.

तुझी,
माधवी