वर्ग आधी लावू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आपल्या विदर्भात ऊन असतं म्हणून शेवटच्या आठवड्यात, मग एवढे जास्तीचे दिवस मिळूनही पहिल्या दिवशी वर्ग कसाबसा का असतो हे मला कळत नाही. मी पहिलीला शिकवते. मागच्या वर्षी आमच्या शाळेत वर्गाची किल्ली आदल्या दिवशी दुपारी हातात आली, आत कबुतरांची घाण, पंखा बंद, दोन बेंच मोडके, फळा इतका गुळगुळीत की खडू उमटतच नाही. मी आणि मदतनीस ताई संध्याकाळपर्यंत झाडत होतो, तक्ते लावायचे राहूनच गेले.

पहिलीचं लेकरू पहिल्यांदा आईचा हात सोडून येतं हो. त्याला आपलं नाव लिहिलेली पट्टी दिसली, गोष्टींची पुस्तकं हाताला येतील अशी खाली ठेवलेली दिसली, बसायला चटई मोकळी दिसली तर ते निम्मं रडणं विसरतं, हे मी दरवर्षी बघते. बुटकी मुलं पुढे, ज्याला नीट दिसत नाही त्याला फळ्याजवळ, आणि दाराकडची वाट मोकळी, हे सगळं ठरवायला निवांत दोन-तीन दिवस लागतात. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये तर दर शिक्षकामागे निदान एक वर्गखोली आणि प्रत्येक शाळेत ग्रंथालय सांगितलंय. पण खोली असून बंदच राहिली तर काय उपयोग?

शाळांनी निदान आठ दिवस आधी किल्ल्या द्याव्यात, आणि पाऊस यायच्या आत गळकं छप्पर बघून घ्यावं, एवढीच विनंती आहे.

एक प्राथमिक शिक्षिका, नागपूर